जेनेरिक औषधं आणि मेडिकलमधून औषध घेताना: सारखे विचारले जाणारे प्रश्न

काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर लोक जे सारखं विचारत असतात ते एका जागी लिहून काढलंय. मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस कमीजास्त करणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. नियम सगळे भारतातले आहेत.

१. जेनेरिक म्हणजे नक्की काय? हलक्या प्रतीची स्वस्तातली गोळी का?

नाही हो. गोळीत जे काम करणारं औषध असतं त्याचं स्वतःचं एक नाव असतं, पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन असं, ते जेनेरिक नाव. जी कंपनी औषध शोधते तिला २० वर्षांचं पेटंट मिळतं, ते संपलं की बाकीच्या कंपन्यांनाही तेच औषध बनवता येतं, ते जेनेरिक. आणि या हिशोबानं बघाल तर आपल्या मेडिकलमधली बहुतेक औषधं जेनेरिकच आहेत, फक्त प्रत्येक कंपनीनं वर आपापलं नाव टाकलंय. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, तिन्हीत पॅरासिटामॉलच. लोक 'जेनेरिक द्या' म्हणतात तेव्हा त्यांना ब्रँडचं नाव नसलेली किंवा ज्याची डॉक्टरांकडे जाहिरात होत नाही अशी स्वस्त गोळी हवी असते.

२. औषध तेच तर मग किमतीत एवढा फरक कसा काय?

संशोधनाचा खर्च जेनेरिकवाल्याला नसतो हे एक. दुसरं म्हणजे एमआर (कंपनीचे प्रतिनिधी), डॉक्टरांच्या भेटी, सॅम्पल, कॉन्फरन्स, हे सगळं ब्रँडच्या किमतीत येऊन बसतं. सरकारनं अत्यावश्यक औषधांची यादी केलेली आहे, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, त्यांच्या कमाल किमती २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ठरतात, यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी स्वतः ठरवते पण वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

पण एक गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही. साध्या मेडिकलमध्ये जे जेनेरिक मिळतं त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर छापील किंमत ब्रँडच्या आसपासचीच असते आणि दुकानदाराला ती पट्टी त्याच्या कितीतरी कमी भावात पडलेली असते. म्हणजे जेनेरिक घेऊनही पेशंटचे पैसे वाचतीलच असं नाही, मधला फायदा कोणाच्या खिशात जातो ते दुकानदारावर आहे. मला हे मनापासून खटकतं. म्हणून "जेनेरिक आहे का" एवढंच विचारून थांबू नका, "केवढ्याला पडेल" हेही विचारा, दोन दुकानात विचारा. फार्मा सही दाम नावाचं सरकारी ॲप आहे त्यात औषधाचं नाव टाकलं की वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमती दिसतात.

३. स्वस्त गोळी कमी पॉवरची असते का? तिनं गुण येतो का?

पट्टीवर ५०० लिहिलं असेल तर आत ५०० च असायला हवं, गोळी दोन रुपयांची असो नाहीतर वीसची, इंडियन फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या दर्जाचं सरकारी पुस्तक, त्याचे निकष दोघींना एकच. राहिला प्रश्न शरीरात तेवढीच उतरते का याचा. त्यासाठी तुलना चाचणी असते, मूळ गोळी आणि जेनेरिक गोळी दोन्ही निरोगी माणसांना देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगानं येतं ते मोजतात. तो '८० ते १२५ टक्के' वाला मेसेज सगळ्यांनी वाचलेला असतो, की जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असलं तरी चालतं म्हणून. ते चुकीचं आहे. ते आकडे गोळीत भरलेल्या औषधाचे नाहीत, दोन गोळ्यांच्या रक्तातल्या प्रमाणाच्या गुणोत्तराचे आहेत, आणि नुसती सरासरी त्यात बसून भागत नाही, तिच्या खालची-वरची शक्यतेची सगळी मर्यादा ८० ते १२५ च्या आत बसावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षात सरासरीतला फरक खूपच लहान राहतो. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या नवीन लायसन्ससाठी भारतात २०१७ पासून ही चाचणी सक्तीची आहे.

मात्र सगळंच छान आहे असं मी म्हणणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला नापास झालेल्या नमुन्यांची यादी टाकते, ती उघडून बघा, त्यात स्वस्त कंपन्या असतात तशी मोठी नावंही असतात. म्हणून किंमत बघून दर्जा ठरवण्यापेक्षा बॅच नंबर आणि बिल हातात असणं जास्त कामाचं (प्रश्न १३ बघा).

४. जनऔषधी केंद्रातली औषधं घेतली तर चालतील का?

चालतील, मी घरच्यांसाठीही आणते. ही योजना २००८ पासून आहे, औषधाच्या प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त लॅबमध्ये चाचणी झाल्यावरच माल केंद्रावर जातो असा तिथला नियम आहे. तिथे जाऊन कंपनीचं नाव सांगून काही होत नाही, जेनेरिक नाव आणि पॉवर सांगावी लागते, म्हणून जुनी पट्टी सोबत न्या. दोन-तीन औषधांची एकत्र गोळी असेल तर अगदी तेच कॉम्बिनेशन तिथे असेलच असं नाही, आणि मग 'जवळपासचं' घेऊ नका, डॉक्टरांना विचारून दोन वेगळ्या गोळ्या करून घ्या. जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही कळतं.

५. पट्टीवर नेमकं काय बघायचं? अक्षरं तर एवढी बारीक असतात.

मोबाईलनं फोटो काढा आणि मोठा करून बघा. पहिलं, जेनेरिक नाव. दुसरं, त्याच्या पुढचा आकडा. तिसरं, नावाच्या शेपटीला लागलेली अक्षरं, आणि घोळ होतो तो इथेच. उदाहरण घ्या, टेल्मिसार्टन ४० म्हणजे एकच औषध. त्याला 'एएम' लागलं की आत ॲम्लोडिपिन पण आहे, 'एच' लागलं की लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. आता एखाद्या आजोबांना पूर्वीपासून ॲम्लोडिपिन वेगळी चालू आहे, मग दुसऱ्या डॉक्टरांनी 'एएम' वाली लिहिली, आजोबा दोन्ही घेतायत कारण नावं वेगळी, पाकिटं वेगळी, रंग वेगळे. महिन्याभरानं पायाला सूज येते, उठल्यावर चक्कर येते आणि घरचे म्हणतात वय झालं. हे मी काउंटरवर वारंवार बघते. दोन्ही पट्ट्या उलट्या करून शेजारी ठेवल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचली की दोन मिनिटात लक्षात येतं.

शुगरच्या गोळ्यांचंही तसंच. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या एकत्र गोळीवर 'एम १', 'एम २' असतं, तो आकडा बहुतेक करून ग्लिमेपिराइडचा. एकच्या जागी दोन गेलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते. आणि 'एसआर', 'ईआर', 'एक्सआर' असलं तर गोळी हळूहळू सुटणारी आहे, ती चावायची किंवा कुटायची नाही, आजीला गिळता येत नाही म्हणून पाण्यात विरघळवायची तर अजिबात नाही, आधी विचारा, बऱ्याच वेळा सिरप किंवा साधी गोळी मिळते.

६. डॉक्टरांनी एक ब्रँड लिहिला होता, मेडिकलवाल्यानं "तेच आहे" म्हणून दुसरा दिला. असं चालतं का?

कायद्यानं नाही. औषध नियम १९४५ मधला ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एच, एच१ आणि एक्स (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्या) मधल्या औषधांच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं देता येत नाही, आत तेच औषध असलं तरी. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला मला माहीत आहे. सरळ रस्ता असा की दुकानातून डॉक्टरांना फोन लावायचा, किंवा डॉक्टरांकडूनच जेनेरिक नाव लिहून घ्यायचं, मग कोणत्याही कंपनीचं देता येतं. डॉक्टरांनी जेनेरिक नावानं आणि वाचता येईल असं लिहावं ही अपेक्षा जुनीच आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ते सक्तीचं करणारे नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. पण पेशंटनं मागितलं तर बरेच डॉक्टर लिहून देतात, मागायला लाजू नका.

दुकानदारानं बदलून दिलंच तर तीन गोष्टी जुळतात का बघा: नाव, पॉवर, शेपटीची अक्षरं. आणि आधीची पट्टी घरात उरली असेल तर दोन्ही एकदम चालू होणार नाहीत याची काळजी घ्या.

७. अशा काही गोळ्या आहेत का ज्यांची कंपनी बदलूच नये?

हो. काही औषधांत कमी पडणं आणि जास्त होणं यात अंतर फारच थोडं असतं. थायरॉईडची थायरॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, हृदयाची डिगॉक्सिन, मानसिक आजाराची लिथियम, किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन. यांचं जेनेरिक वाईट असतं असं नाही, जे चालू आहे तेच चालू ठेवा एवढंच, आणि बदलायचंच झालं तर डॉक्टरांना सांगून, पुढची तपासणी ठरवून. थायरॉक्सिन बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), वॉरफॅरिन बदलली तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) लवकर. फिटच्या पेशंटची गोळी केवळ दुकानात संपली म्हणून बदलू नका, दुसऱ्या दुकानात जा पण तीच आणा.

थायरॉक्सिनबद्दल अजून एक, कारण कंपनीला दोष दिला जातो आणि कारण भलतंच निघतं: ती उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतरानं.

८. चिठ्ठीवरचं ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस म्हणजे काय?

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा, तिथे फसू नका.

९. मेडिकलमधून चुकीचं औषध दिलं जाऊ शकतं का?

शकतं. संध्याकाळची गर्दी, किरटं अक्षर आणि सारखी नावं हे तिन्ही एकत्र आलं की चूक व्हायला वेळ लागत नाही. हायड्रॉक्सिझिन खाजेची आणि हायड्रॅलाझिन बीपीची. ॲझिथ्रोमायसिन अँटिबायोटिक आणि ॲझाथायोप्रिन प्रतिकारशक्ती दाबणारी. म्हणून औषध कशासाठी आहे ते डॉक्टरांकडून निघतानाच विचारून घ्या आणि काउंटरवर बोला, "ही खाजेची गोळी ना?" एवढं एक वाक्य पुरतं, देणाऱ्याची नजर परत पट्टीवर जाते.

सगळ्यात जास्त मी घाबरते ते मेथोट्रेक्सेटला. संधिवात आणि सोरायसिसला ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सोबत फॉलिक ॲसिड देतात ते बाकीच्या दिवशी. दोन्ही बऱ्याचदा छोट्या पिवळ्या गोळ्या. यांची अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस दगावू शकतो. मी दोन्ही वेगळ्या पाकिटात घालते, एकावर 'फक्त सोमवार' असं मार्करनं लिहिते आणि पेशंटकडून वदवून घेते. तुमच्या घरात कोणाला ही चालू असेल तर आजच पट्टी काढून बघा आणि वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.

१०. पूर्वी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळायचं, आता का देत नाहीत?

पूर्वीही द्यायला नको होतं. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सेफिक्झाइम, लेव्होफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम अशी बरीच औषधं मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये आहेत, ती देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. त्यामुळे "ओळखीचे आहात तरी नाव का विचारता" म्हणून रागावू नका. आणि सर्दी-पडसं बहुतेक वेळा व्हायरसचं असतं, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

११. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी आहे, त्यावर परत औषध मिळेल का?

चिठ्ठीवर डॉक्टरांनी परत देण्याबद्दल लिहिलं नसेल तर एकाच चिठ्ठीवर परत परत देता येत नाही. बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांकडून 'तीन महिने चालू' असं स्पष्ट लिहून घ्यावं, दोघांचाही त्रास वाचतो. दोन वर्षं तीच गोळी बिनतपासणी चालू असेल तर औषध मिळेल की नाही यापेक्षा किडनी आणि शुगर आता कशी आहे हा प्रश्न मोठा आहे.

१२. बाळाच्या तापाचं सिरप संपलं, दुसऱ्या कंपनीचं आणलं. तेवढेच एमएल द्यायचे ना?

थांबा, आधी बाटली वाचा. पॅरासिटामॉल सिरप ५ एमएल मध्ये १२५ एमजी वालं येतं आणि २५० एमजी वालंही येतं, आणि थेंबांच्या बाटलीत तर १ एमएल मध्येच १०० एमजी असतात. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० एमजी द्यायचं असेल तर पहिल्याचे ६ एमएल, दुसऱ्याचे ३ आणि थेंबांचे फक्त दीड. थेंबांच्या बाटलीतून सिरपच्या हिशोबानं ६ एमएल दिले तर चौपट डोस गेला, आणि पॅरासिटामॉलचा जास्त डोस थेट लिव्हरवर येतो. म्हणून डॉक्टर 'अर्धा चमचा' म्हणाले तर "कोणत्या बाटलीचा, किती एमएल" हे विचारा, घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

सर्दी-खोकल्याच्या सिरपबद्दल मी कडक आहे आणि राहणार. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं सरकारनं २०२३ मध्येच सांगितलंय. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लहान लहान मुलं डायइथिलीन ग्लायकॉल असलेलं खोकल्याचं सिरप पिऊन किडनी निकामी होऊन गेली, त्यातल्या कितीतरी मुलांना शेवटी नागपूरला आणलं होतं. हे विष आपल्याला नवीन नाही, १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमधून तेच पोटात जाऊन १४ पेशंट दगावले होते आणि चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला होता. बाळाला सिरप दिल्यावर लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, गळून गेलं तर वाट न बघता दवाखाना, आणि बाटली फेकायची नाही, सोबत न्यायची.

१३. बिल घेतलंच पाहिजे का? आणि अर्धी पट्टी कापून घेतली तर एक्स्पायरी कशी कळणार?

बिल घ्याच. त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, उद्या एखादी बॅच परत मागवली तर तुमच्याकडे तीच आहे का हे बिलाशिवाय कळायला मार्ग नाही. बिल नाही म्हणणाऱ्या दुकानातून स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

पट्टी कापताना बॅच आणि तारीख छापलेलं टोक दुकानात राहिलं पाहिजे, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापायच्या. तुम्हाला कापलेला तुकडा मिळाला तर दुकानातली उरलेली पट्टी दाखवायला सांगा आणि फोटो काढा. एक्स्पायरी ०८/२०२७ असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत चालते.

१४. इन्शुलिन दुसऱ्या कंपनीचं मिळालं, सिरिंज जुनीच वापरू का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सगळ्यांनी विचारायला हवा. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या एका एमएलला ४० युनिटच्या येतात आणि १०० युनिटच्याही येतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्शुलिन २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात जातात ५० युनिट. असा माणूस शुगर उतरून बेशुद्ध पडतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा, कंपनी बदलली की दर वेळी बघा. इन्शुलिनचं जेनेरिक गोळ्यांसारखं सरळ अदलाबदल करायचं नसतं, डॉक्टरांना सांगूनच.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात, फ्रीझरला चिकटून नको, एकदा गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं. उघडलेली साधारण २८ दिवस बाहेर चालते. उन्हाळ्यात लोडशेडिंग असेल तर मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवा.

१५. दुकानात फार्मासिस्ट नसेल तर?

१९४८ चा फार्मसी कायदा म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यावं. "फार्मासिस्ट कोण आहे" असं सरळ विचारा, राग यायचं काही कारण नाही. निदान प्रश्न ७, ९ आणि १४ मधली औषधं तरी फार्मासिस्ट समोर असतानाच घ्या.

१६. औषधाचा त्रास झाला किंवा औषधच संशयास्पद वाटलं तर कुठे सांगायचं?

आधी डॉक्टर. त्रासाची नोंद पेशंट स्वतःही करू शकतो, १८०० १८० ३०२४ हा टोल फ्री नंबर त्यासाठीच आहे. दर्जा, बिल, चिठ्ठीशिवाय विक्री अशी तक्रार असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन (एफडीए), १८०० २२२ ३६५. पट्टी, बिल आणि उरलेल्या गोळ्या जपून ठेवा.

१७. मुलाकडे परदेशात सहा महिने जातोय, औषधं न्यायची आहेत. काय काळजी घ्यायची?

मूळ पट्ट्यांमध्येच न्या, डब्यात काढून नाही. चिठ्ठी जेनेरिक नावानं टाइप करून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही, आणि अमेरिकेत तर जेनेरिक नावंसुद्धा कधी वेगळी असतात, आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन आणि दम्याचं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. त्यामुळे आपलं पॅरासिटामॉल चालू असताना तिकडच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली आणि तिच्यातही ॲसिटामिनोफेन असलं तर डोस नकळत दुप्पट होतो, पाकिटावरचं घटकांचं नाव बघूनच घ्या. दुबई-अबूधाबीला जाणाऱ्यांनी ट्रामाडॉल, कोडीन, अल्प्राझोलम असं काही असेल तर निघायच्या आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी, नुसती चिठ्ठी तिथे पुरत नाही.